नॉर्ड स्ट्रीम: ज्याचा फायदा त्याचाच हात? काहीही!

धरमपेठकर: काल इथंच एका भाऊंनी लिहिलं, "रशियातून जर्मनीला समुद्राखालून गॅस नेणारी पाइपलाइन फुटल्यावर युरोपला गॅस विकून कमावलं कोणी? अमेरिकेनं. झाला तपास." अरे बाप्पा! मग तं उन्हाळाही कूलरवाल्यांनीच आणला. 26 सप्टेंबर 2022 ला बाल्टिक समुद्रात बोर्नहोम बेटाजवळ नॉर्ड स्ट्रीम 1 अन् 2 च्या चारपैकी तीन लाइनी फुटल्या. युक्रेनला रशियाची कमाई तोडायची होती. रशियानं पुरवठा आधीच थांबवला होता, करारभंगाची भरपाई टाळायला त्यालाही निमित्त हवंच होतं. हेतू सगळ्यांकडंच आहे. पुरावा बोला.

कोराडी नाका: अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन फेब्रुवारी 2022 मध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, रशियानं युक्रेनवर हल्ला केला तर नॉर्ड स्ट्रीम 2 राहणार नाही. अजून काय, स्टॅम्पपेपरवर पाहिजे?

धरमपेठकर: धमकीवर आत टाकायचं तर आमची अर्धी सोसायटी जेलात जाईल. जर्मन तपास 'अँड्रोमेडा' नावाच्या भाड्याच्या शिडाच्या बोटीपर्यंत गेला. संशयित युक्रेनी. 2025 मध्ये एक जण इटलीत सापडला.

संत्र्याची बाग: काटोलकडं आमच्या शेताजवळची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, एका रात्री फोडली. सकाळी पाहतो तं खाली तेलाचं डबकं, तुरीची पानं काळी चिकट. बाबांनी तिथंच ठरवलं, हे काकाचं काम. धुऱ्याचा वाद होता ना! दोन वर्षं बोलणं बंद, ताईच्या लग्नाची पत्रिकाही नाही दिली. मग चोर सापडले. तांब्याच्या तारेसाठी फोडली होती. काकाची मोटारही त्याच डीपीवर होती, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

कोराडी नाका: मग 70-80 मीटर पाण्याखाली तांबं काढायला गेले होते काय?

राखेचा शेजारी: बाल्टिक सोडा राजेहो. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशाच्या वीज केंद्रांची राख आमच्या पापडांवर, वीज साऱ्या राज्याला. 660 मेगावॅटचे तीन संच पुरले नाहीत, आता अजून दोन!

कोथरूडकर: ग्रिडमधल्या विजेवर गावाचं नाव नसतं हो.

राखेचा शेजारी: राखेवर असते. या एक दिवस, पांढरा शर्ट घालून.

कोथरूडकर: रोजचं रडगाणं!

राखेचा शेजारी: एसी बंद करून बोल बे!

धरमपेठकर: विषय पाइपलाइनचा आहे!!

कोराडी नाका: बरं, बोट मानली. खूश? पण तिचं भाडं कोणाच्या खिशातून गेलं? स्वीडन अन् डेन्मार्कनं फेब्रुवारी 2024 मध्ये तपासाच्या फायली काहून बंद केल्या?

धरमपेठकर: हा प्रश्न बरोबर आहे. कालच विचारायचा होता.

राखेचा शेजारी: संत्रावाले, काकाशी बोलणं सुरू झालं का?

संत्र्याची बाग: नाही. आता काका बोलत नाही.