सल्ला हवा: 'प्रिझनर ऑफ अझ्काबान'वरच्या समीक्षा कशा वाचाव्यात, चर्चेला कोणती दृश्यं घ्यावीत?

चौकट_२४
आमच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात हॅरी पॉटरचा तिसरा सिनेमा (२००४) घेतोय. विषय असा: चालू मालिकेत दिग्दर्शक बदलला की समीक्षक नेमकं काय तोलतात? सिनेमा सगळ्यांनी घरी बघून यायचा आहे. सत्र दोन तासांचं, त्यात दृश्यांसाठी जेमतेम पंचवीस मिनिटं. समीक्षा कोणत्या काळातल्या घ्याव्यात, गुणांचे आणि कमाईचे आकडे कितपत वापरावेत, आणि पुस्तकवाल्यांच्या तक्रारी कुठे बसवाव्यात? जाणकारांनी सांगावं.

रिळं_आणि_रंग
आधी एक तक्ता करा: कोण बदललं आणि कोण राहिलं. हे केलं नाही की सत्र 'कोलंबस वाईट, क्वारोन थोर' यावर घसरतं, आणि मग तिथून वर येत नाही.

बदलले ते असे. दिग्दर्शनात ख्रिस कोलंबसच्या जागी आल्फोन्सो क्वारोन. छायाचित्रण पहिल्या सिनेमात जॉन सील आणि दुसऱ्यात रॉजर प्रॅट यांचं होतं, इथे मायकेल सेरेसिन आले. वेशभूषेला जॅनी टेमीम, संकलनाला स्टीव्हन वाइसबर्ग. रिचर्ड हॅरिस ऑक्टोबर २००२ मध्ये गेले, त्यामुळे शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर मायकेल गँबन झाले.

राहिले ते: पटकथाकार स्टीव्ह क्लोव्ह्ज, कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग, संगीतकार जॉन विल्यम्स (या मालिकेतलं त्यांचं हे शेवटचं काम), आणि निर्माता म्हणून खुद्द कोलंबस.

आता कुठलीही समीक्षा घ्या आणि तिच्यातलं प्रत्येक कौतुक या तक्त्यातल्या कुणाकडे जातं ते समासात लिहा. "संवाद नेटके झाले" हे क्लोव्ह्जच्या खात्यात, तो तर आधीपासूनच होता. "मुलं खरीखुरी वाटतात" यात टेमीमचा मोठा वाटा: जीन्स, हुडी, सैल टाय, बाहेर आलेला शर्ट. गणवेश ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने घालावा, असं मुलांना सांगितलं होतं. "सिनेमा गडद झाला" हे वाक्य तर जवळपास प्रत्येक समीक्षेत सापडेल, आणि तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. मुळात पुस्तकच गडद आहे. आनंद शोषून घेणारे डिमेंटर, खुनाचा आरोप असलेला फरार कैदी, आईचा मरतानाचा आवाज हे सगळं पुस्तकातलं. कोलंबस असते तरी हा काळोख आलाच असता. क्वारोनचं श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे: कॅमेरा कुठे ठेवला, शॉट किती वेळ न तोडता चालू ठेवला, आणि गोष्ट किती घट्ट हॅरीच्या नजरेला बांधली.

टक्केवारी
आकड्यांबद्दल. रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळाची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत, एकूण समीक्षांपैकी किती अनुकूल आहेत त्याचं ते प्रमाण. दहा जणांनी प्रत्येकी पाचपैकी तीन दिले तरी तिथे १०० टक्के दिसू शकतात. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी (काहींना जास्त वजन देऊन) काढतं, म्हणजे कौतुक किती जोरदार होतं ते तिथे कळतं. फरक बघा: टोमॅटोजवर पहिले दोन सिनेमे ऐंशीच्या आसपास आणि तिसरा नव्वदीच्या, म्हणजे उडी दहाची. मेटाक्रिटिकवर पहिले दोन साठीत आणि तिसरा थेट ८२. सिनेमा आवडणारे थोडेच वाढले, पण ज्यांना आवडला त्यांना फार जास्त आवडला, असा याचा अर्थ. मंडळात दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, एकट्या टक्केवारीने फसगत होते.

दुसरी खबरदारी तारखेची. सिनेमा ब्रिटनमध्ये ३१ मे २००४ ला आणि अमेरिकेत ४ जूनला लागला. मे अखेर ते जून मध्य एवढ्यातल्याच समीक्षा घ्या. २०१३ मध्ये 'ग्रॅव्हिटी' आला, त्यासाठी क्वारोनना ऑस्कर मिळालं, आणि त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक लेखात 'अझ्काबान' आधीच ठरलेली उत्कृष्ट कृती म्हणून येतो. तो लेख म्हणून वाचनीय असेल, पण 'समीक्षकांनी कसं स्वीकारलं' याचा पुरावा नव्हे.

कमाईचा आकडा वापराल तर पूर्ण वापरा. मूळ प्रदर्शनातली जगभरची कमाई ८० कोटी डॉलरच्या किंचित खाली, आठ सिनेमांत सर्वांत कमी. एवढंच सांगितलं की लोक म्हणतात, "समीक्षकांना आवडला, प्रेक्षकांना नाही." पण अमेरिकेतला पहिला शनिवार-रविवार धरून सुरुवात ९ कोटी ३७ लाखांची होती, आधीच्या दोघांपेक्षा जास्त (९ कोटी ३ लाख आणि ८ कोटी ८४ लाख). म्हणजे गर्दी आली होती, टिकली कमी. पहिले दोन नोव्हेंबरात लागले, सणासुदीचे आठवडे पुढे होते. हा उन्हाळ्यात लागला, आधी १९ मेपासून 'श्रेक २' चालू आणि ३० जूनला 'स्पायडर-मॅन २' हजर. यातून दिग्दर्शकाबद्दल निष्कर्ष काढू नये.

पुस्तकी_किडा_७
वाचकांची बाजू नीट मांडा, कारण त्यांच्या तक्रारी दोन प्रकारच्या आहेत आणि त्या एकत्र केल्या की अन्याय होतो.

पहिला प्रकार "हे गाळलं, ते गाळलं". इथे साधं गणित करून दाखवा. ब्रिटिश आवृत्तीची पानं अनुक्रमे २२३, २५१, ३१७. सिनेमांची लांबी १५२, १६१, १४२ मिनिटं. पुस्तक फुगलं आणि सिनेमा आटला. एका पानाच्या वाट्याला पहिल्यात सुमारे ४१ सेकंद, दुसऱ्यात ३८, तिसऱ्यात २७. मग क्विडिचचा (झाडूवरून खेळायच्या खेळाचा) अंतिम सामना जाणारच. या तक्रारी म्हणजे माध्यमांतराची किंमत.

दुसरा प्रकार जास्त गंभीर, आणि तो माझ्या मते खरा दोष आहे. लुटारूंचा नकाशा पडद्यावर येतो, त्यावर मूनी, वर्मटेल, पॅडफुट, प्राँग्ज ही नावं येतात, पण ती हॅरीचे वडील आणि त्यांच्या मित्रांची टोपणनावं आहेत हे सिनेमा कधीच सांगत नाही. हॅरीचे वडील हरणाचं रूप घ्यायचे हेही नाही. त्यामुळे तळ्याकाठी हॅरीच्या संरक्षक जादूतून हरीण प्रकटतं तेव्हा पुस्तक न वाचलेल्याला एक सुंदर प्रकाश दिसतो, वाचलेल्याला मात्र बाप दिसतो. दोन-तीन वाक्यांत सुटला असता असा प्रश्न होता. ही वाक्यं किंचाळत्या झोपडीतल्या दृश्यात यायला हवी होती, पण ते दृश्य इतकं घाईचं झालंय की तिथे चार जण एकमेकांचं बोलणं तोडत खुलासे करतात.

आणखी एक: सुरुवातीला हॅरी पांघरुणात छडीने उजेड पाडतो. शाळेबाहेर जादूला बंदी आहे, आणि थोड्याच वेळात मार्ज आत्या फुगल्यावर तो त्याच बंदीच्या भीतीने घर सोडतो. म्हणजे विसंगती सिनेमाच्या आतलीच आहे, पुस्तक मध्ये आणायचीही गरज नाही.

चौकट_२४
पानामागे सेकंद काढायची कल्पना फारच उपयोगी, फळ्यावर लिहीन. दोन शंका. कोलंबसच्या सिनेमांना समीक्षकांनी झोडपलं होतं असं धरून चालू का? आणि पंचवीस मिनिटांत दृश्यं कोणती?

रिळं_आणि_रंग
झोडपलं होतं असं मुळीच धरू नका. अमेरिकन समीक्षक रॉजर इबर्ट यांनी पहिल्या दोन सिनेमांना चारपैकी चार तारे दिले आणि तिसऱ्याला साडेतीन. ही एक समीक्षा सत्रात हवीच, नाहीतर सगळे एका सुरात बोलले असा समज होतो. कोलंबसने मुलं निवडली, जग उभं केलं, आणि त्या पायावर क्वारोनना मोकळं होता आलं, हेही नोंदवा.

दृश्यं चार पुरेत.

पबमध्ये मिस्टर वीझली हॅरीला बाजूला घेऊन फरार कैदी सिरियसबद्दल सावध करतात, ते पहिलं घ्या. दोघं चालत राहतात, कॅमेरा सोबत सरकतो, आणि पाठीमागच्या भित्तिपत्रकात सिरियस ओरडत असतो. माहिती देणारं दृश्य, एरवी दोन चेहऱ्यांची आलटूनपालटून कापाकापी झाली असती. जोडीला दुसऱ्या सिनेमातला कुठलाही माहिती देणारा संवाद लावा आणि मंडळींना कट मोजायला सांगा. इतकं केलं तरी 'दिग्दर्शक बदलला' म्हणजे काय ते डोळ्यांना कळतं.

मग आगगाडीतला डिमेंटर: खिडकीवर धुक्यासारखं साचत जाणारं हिमाचं जाळं आणि बाटलीतलं गोठणारं पाणी. राक्षस दिसण्याआधी थंडी दिसते.

तिसरं, बोगार्टचा (समोरच्याला ज्याची भीती तेच रूप घेणाऱ्या प्राण्याचा) तास. कॅमेरा कपाटाच्या आरशातून आरपार गेल्यासारखा सरकतो. आरशासमोर कॅमेरा असूनही तो प्रतिबिंबात दिसत नाही, कारण शॉट संगणकावर जोडलेला आहे. तंत्र सांगा पण तिथे रेंगाळू नका.

चौथ्याला सगळ्यात जास्त वेळ द्या: हॅग्रिडच्या झोपडीत आलेला दगड. पहिल्यांदा बरणी फुटते, हॅरीच्या डोक्याला खडा लागतो, कारण कळत नाही. कालपलटीनंतर, म्हणजे हॅरी काळात मागे गेल्यावर, तेच दृश्य बाहेरून. दोन्ही भाग लागोपाठ दाखवा. सिनेमाभर घड्याळ, लंबक, दातेरी चक्रं का पेरली आहेत ते इथे उलगडतं, आणि शाळेच्या आवारातल्या झोडपणाऱ्या झाडाची पानं गळून ऋतू का बदलतात तेही.

पुस्तकी_किडा_७
बोगार्टऐवजी शेवटची गोठलेली चौकट घ्या असं सुचवेन. पुस्तकात हॅरीचा नवा उडता झाडू नाताळात येतो, इथे शेवटाला, आणि हॅरीच्या धूसर चेहऱ्यावर सिनेमा थांबतो. खूप जणांना तो शेवट खटकला. कौतुकच कौतुक असलेल्या यादीत एक फसलेला निर्णय हवा.

रिळं_आणि_रंग
मान्य. बोगार्ट काढा, तो शेवट घ्या.

पडदा_काळा
दाखवण्याबद्दल थोडं. टीव्हीवर 'व्हिव्हिड' मोड असेल तर सेरेसिनचे करडे-निळे रंग पार उजळून निघतात आणि चर्चेतला मुद्दाच मरतो. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर लांब शॉट दूरदर्शन मालिकेसारखे दिसतात. चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. पडदाभर चित्र असेल तर बाजू कापल्या गेल्यात, आणि वाइड लेन्सने पकडलेली मागची हालचाल नेमकी बाजूंना असते. खोलीत पूर्ण अंधार करा, डिमेंटरची दृश्यं ट्यूबलाइटखाली दिसतच नाहीत.

आणि तुलनेसाठी पहिले दोन सिनेमे घेताना लांबी तपासा. त्यांच्या वाढीव आवृत्त्या आहेत, १५९ आणि १७४ मिनिटांच्या. समीक्षकांनी पाहिल्या त्या १५२ आणि १६१ मिनिटांच्या. वाढीव घेतली तर वरचं सेकंदांचं गणितही चुकेल.

चौकट_२४
चारही दृश्यं ठरली. इबर्ट यांची समीक्षा आणि जून २००४ मधल्या आणखी दोन छापून आधीच वाटतो, समासात खाती मांडायला जागा सोडून. सर्वांचे मनापासून आभार.

टक्केवारी
तीनपैकी एक ब्रिटिश वर्तमानपत्रातली घ्या. तिथल्या समीक्षकांना शाळा, गणवेश, गँबनचा डंबलडोर हे घरचे विषय, त्यामुळे त्यांचं लक्ष वेगळ्या गोष्टींकडे जातं.