घर 45 दिवसांत पाडायचं, हा कुठला न्याय?

टिळकवाडीकर
फायनल फँटसी 14 न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. या ऑनलाइन गेममध्ये घरं मोजकीच. एका वॉर्डात 60 प्लॉट, ते भरले की बाकीच्यांनी वाट बघायची. एप्रिल 2022 पासून रिकाम्या प्लॉटसाठी लॉटरी निघते: पाच दिवस अर्ज, मग चार दिवस निकाल. इथवर मला मान्य आहे. पण मालकानं सलग 45 दिवस घरात पाय ठेवला नाही, तर घर पाडलं जातं. गेममध्ये रोज येऊन बाहेरच्या बाहेर फिरलात तरी उपयोग नाही, उंबरा ओलांडायलाच हवा.

आपल्या बेळगाव, खानापूर भागातून किती पोरं लष्करात जातात! ट्रेनिंगमधल्या पोराला घरी फोन करायची मारामार, तो पीसीवर बसणार कधी? मुदत 90 दिवस करा, नाहीतर रजा टाकायची सोय द्या.

निपाणीचा गडी
दादा, दीड महिन्यात एकदा दार उघडायचं, एवढंही जड जायलंय का? बेळगावभोवतीचे एनए लेआउट बघा की. दहा-दहा वर्षं प्लॉट अडवून ठेवलेत, आत काँग्रेस गवत माजलंय, आणि ज्याला खरंच राहायचंय तो भाड्याच्या खोलीत. गेममध्ये तरी तसं नको. लॉटरी यायच्या आधी रिकाम्या प्लॉटच्या पाटीसमोर घोळका उभा असायचा. विक्री नेमकी कधी खुली होणार ते कुणालाच दिसायचं नाही, म्हणून तासन्‌तास क्लिक, क्लिक. त्यांचा विचार कोण करणार?

शहापूरची
तुम्ही दोघंही टंचाई गृहीत धरून भांडताय. ती असायलाच का हवी? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या गेममध्ये डिसेंबर 2025 पासून घरं मिळू लागली. ज्याला हवं त्याला घर, लॉटरी नाही, आणि फिरकलं नाही म्हणून कुणी पाडतही नाही. वर तिथं शेजारही आहे. मग इथंच का अडलंय?

खानापूरकर
ताई, ज्यांना नुसती खोली हवी त्यांच्यासाठी फायनल फँटसीतही अपार्टमेंट आहे. 5 लाख गिल, म्हणजे गेममधले पैसे, आणि ते पाडलं जात नाही.

शहापूरची
अपार्टमेंटला अंगण नाही हो! बाहेर झाडं लावता येत नाहीत, बाहेरची भिंत आपली नाही, छपराचा रंग बदलता येत नाही. आतही एकच खोली. पार्टिशन उभी करून, वर फळ्या तरंगत्या ठेवून लोक माळा काढतात. मी काढलाय, सुरेख झालाय. तरी ते घर नव्हे.

टिळकवाडीकर
निपाणीच्या भावा, प्लॉट अडवणाऱ्याची बाजू मी घेतच नाही. पण 2020 मध्ये कोविड आला तेव्हा हीच पाडापाडी थांबवली होती. पुढं जपानात भूकंप झाला तेव्हाही थांबवली. म्हणजे घड्याळ थांबवता येतं. मोठ्या संकटात सगळ्यांसाठी थांबतं, मग ज्याला खरोखरच येता येत नाही अशा एकट्यासाठी का नाही?

निपाणीचा गडी
मग मागणी नीट मांडा. रजा वर्षातून एकदाच, आधी अर्ज करून, आणि तेवढ्या काळात खातं पूर्ण बंद. रजेवर म्हणायचं आणि रोज गेममधल्या बाजारात माल विकायचा, हे चालणार नाही. एवढं असेल तर माझी हरकत नाही. 90 दिवसांना मात्र माझा विरोध कायम.