चर्चा: संथ क्वेरीचा प्लॅन आधी वाचावा की टेबलांची वाटणी आधी सुधारावी?

जळगावहून, मूळ मत

अनेक नोडवर (सर्व्हरवर) समांतर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये एखादी क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, रखडली की आपल्याकडे पहिली मागणी होते ती नोड वाढवण्याची. माझे मत असे आहे की, एक्झिक्यूशन प्लॅन, म्हणजे क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालेल याचा आराखडा, खालून वर नीट वाचल्याशिवाय अशी मागणी करणे म्हणजे आजार न तपासता औषधाचा डोस वाढवणे होय.

सरावासाठी मी पोस्टग्रेस या डेटाबेसवर आधारलेल्या ग्रीनप्लमच्या १६ सेगमेंटवर (टेबलाचा एकेक हिस्सा सांभाळणाऱ्या घटकांवर) एक कृत्रिम टेबल तयार केले. त्यात राज्यातील ३५८ तालुक्यांच्या प्रत्येकी एक लाख पीक-नोंदी, म्हणजे एकूण ३ कोटी ५८ लाख ओळी होत्या. दुसऱ्या टेबलात केळीच्या १० लाख विक्री-पावत्या होत्या आणि त्यांची वाटणी, म्हणजे कोणती ओळ कोणत्या सेगमेंटवर राहील हे, व्यापाऱ्याच्या क्रमांकावर केलेली होती. ‘जिल्हा जळगाव आणि तालुका रावेर’ अशा अटी घालून मी ही दोन टेबले गाव आणि गट क्रमांकावर जोडली. ग्रीनप्लमचा ऑर्का हा ऑप्टिमायझर (प्लॅन ठरवणारा भाग) बंद ठेवल्यामुळे पोस्टग्रेसच्या मूळ ऑप्टिमायझरने दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या. रावेर जळगाव जिल्ह्यातच आहे हे त्याला कोण सांगणार? जिल्ह्यात १५ तालुके असल्याने त्याने एक लाखाला पुन्हा ३५८ पैकी १५ या प्रमाणाने कात्री लावली आणि सुमारे ४,२०० ओळींचा अंदाज बांधला.

या अंदाजानुसार त्या ओळींची प्रत सर्व सेगमेंटवर पाठवायची तर जेमतेम ६७ हजार ओळींचा प्रवास होणार होता, तर दोन्ही टेबलांची जोडणीच्या कॉलमांनुसार फेरवाटणी करायची तर १० लाखांहून अधिक ओळी हलणार होत्या. साहजिकच त्याने ब्रॉडकास्ट मोशन, म्हणजे सर्वांना प्रत पाठवण्याचा मार्ग, निवडले. प्रत्यक्षात एक लाख ओळी १६ ठिकाणी गेल्या, म्हणजे १६ लाख ओळींचा प्रवास झाला; फेरवाटणीत तो ११ लाखांवर भागला असता. सेगमेंट ३२ केले असते तर हाच प्लॅन ३२ लाख ओळी हलवत बसला असता. हे प्लॅनमधल्या एका ओळीवरून कळते, बिलावरून कळत नाही.

धुळ्याहून, विरोधी मत

आपले गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. पावत्या आणि पीक-नोंदी या दोन्ही टेबलांची वाटणी मुळातच गट क्रमांकावर केली असती, तर जुळणाऱ्या ओळी एकाच सेगमेंटवर राहिल्या असत्या आणि ब्रॉडकास्ट की फेरवाटणी हा प्रश्नच उद्भवला नसता. जॉइनसाठी (जोडणीसाठी) एकही ओळ हलली नसती, मग अंदाज ४,२०० असो वा एक लाख. मांडणी चुकल्यानंतर प्लॅन वाचणे म्हणजे वरातीमागून घोडे.

शिवाय प्रत्यक्ष आकडे हवे असतील तर ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ ही आज्ञा द्यावी लागते आणि ती क्वेरी खरोखर चालवते. चार तासांच्या क्वेरीचे निदान करायलाही चार तास लागणार. आणि क्वेरी ओळी पुसणारी ‘डिलीट’ असेल तर ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून रोलबॅक करण्याचे, म्हणजे बदल मागे घेण्याचे, भान ठेवावे लागते, नाहीतर निदानाच्या नावाखाली रोगीच दगावतो. अॅमेझॉनच्या रेडशिफ्ट डेटाबेसमध्ये तर ‘एक्सप्लेन’ फक्त अंदाज दाखवते. प्रत्यक्षात काय घडले ते वेगळ्या सिस्टम व्ह्यूमध्ये जाऊन शोधावे लागते.

भुसावळहून

धुळ्याच्या भाऊंनी सुचवलेली ‘की’ (वाटणीचा कॉलम) तशीच वापरली तर घात होईल. गट क्रमांक एक हा प्रत्येक गावात असतो, पण नऊशेवा गट मोजक्याच गावांत सापडतो. नुसत्या गट क्रमांकावर वाटणी केल्यास लहान क्रमांक ज्या सेगमेंटच्या वाट्याला येतील तिथे ओळींची गर्दी होईल. गावाचा कोड आणि गट क्रमांक मिळूनच की करायला हवी. केळीची गाडी शेवटच्या बागेतला घड चढल्याशिवाय हलत नाही. तसेच एक सेगमेंट मागे राहिला की बाकीचे पंधरा मोकळे बसून राहतात.

जळगावच्या मित्रांनाही एक सूचना करतो. ग्रीनप्लमच्या प्लॅनमध्ये प्रत्यक्ष ओळींचा जो आकडा दिसतो, तो सर्वाधिक ओळी देणाऱ्या सेगमेंटचा असतो. तो एकूण बेरीज समजून अंदाजाशी ताडून पाहणाऱ्यांची फसगत होते. एकदा माझीही झाली आहे आणि त्या नादात मी चांगल्या क्वेरीची मोडतोड केली होती.

जळगावहून, उत्तर

सूचना मान्य. मात्र जी मांडणी आधी करायची ती कोणत्या क्वेरीसाठी, हे प्लॅन न वाचता कसे ठरणार? एका टेबलाला वाटणीची की एकच असते. गाव आणि गटावर वाटणी केली की आज व्यापाऱ्यानुसार होणारी बेरीज, जी सध्या जागच्या जागी होते, तिच्यासाठी फेरवाटणी करावी लागेल.

अटींच्या परस्परसंबंधाचे म्हणाल, तर पोस्टग्रेसच्या २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून दोन कॉलमचे नाते आकडेवारीत नोंदवता येते. ग्रीनप्लम ६ हे ९.४ वर आधारलेले असल्याने त्यात ती सोय नाही.

धुळ्याहून

मग जिल्ह्याची अटच काढून टाका की! रावेर म्हटले की जळगाव आलेच. अंदाज लगेच लाखावर येईल आणि तुमचा ऑप्टिमायझर शहाण्यासारखा वागेल.

भुसावळहून

रावेरपुरते चालेल. पण कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरातही आहे. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. नावाऐवजी तालुक्याचा कोड वापरला तरच जिल्ह्याची अट सुरक्षितपणे काढता येते.

जळगावहून

काल रात्री दोन्ही टेबले गावाचा कोड आणि गट क्रमांकावर नव्याने वाटली आणि तीच क्वेरी चालवली. ४,२०० चा चुकीचा अंदाज अजूनही जसाच्या तसा आहे, पण ब्रॉडकास्ट गेले असून केवळ निकाल एकत्र गोळा करणारे शेवटचे गॅदर मोशन उरले आहे. इथवर धुळ्याचे म्हणणे खरे ठरले. व्यापाऱ्यानुसार बेरजेच्या प्लॅनमध्ये अपेक्षेप्रमाणे रीडिस्ट्रिब्यूट मोशन, म्हणजे फेरवाटणी, आले. मात्र प्रत्येक सेगमेंट आधी स्वतःपुरती अर्धवट बेरीज करत असल्यामुळे हलणाऱ्या ओळी फार थोड्या आहेत, म्हणून हा सौदा मी तूर्त पत्करला आहे. अर्थात, ‘थोड्या’ हेही मला प्लॅन वाचूनच कळले, एवढे धुळेकरांनी मान्य करावे.