सीआरपी नॉर्मल, पीसीटी वाढलेलं: अँटिबायोटिक थांबवायचं का?

प्रश्न (एसएनसीयू म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागातला रेसिडेंट): 35 आठवड्यांचं बाळ, पाणमोट फुटून 20 तासांनी जन्म. 5व्या तासाला सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) 4 मिग्रॅ/लिटर, 22व्या तासाला प्रोकॅल्सिटोनिन (पीसीटी, जंतुसंसर्गात वाढणारा दुसरा घटक) 6 नॅनोग्रॅम/मिली. बाळ नीट दूध पितंय, श्वास व्यवस्थित. अँटिबायोटिक सुरू आहे, ब्लड कल्चरचा (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) रिपोर्ट बाकी आहे. पीसीटीचा आकडा बघून 7 दिवसांचा कोर्स करायचा का?

उत्तर १: नाही. आधी बाळाचं वय तासांत मोजा, मग आकडा वाचा. सीआरपी यकृतात इंटरल्यूकिन-6 या दाहाच्या संदेश-प्रथिनामुळे तयार होतं आणि रक्तात वाढायला 6 ते 12 तास लागतात. म्हणून 5व्या तासाच्या 4 वरून जंतुसंसर्ग नाही असं म्हणता येत नाही. पीसीटीचं उलट आहे. निरोगी बाळातही जन्मानंतर ते आपोआप चढतं, 24 तासांच्या आसपास शिखर गाठतं आणि 10 पर्यंत जाऊ शकतं. मोठ्या माणसांची 0.5 ची मर्यादा पहिल्या दोन दिवसांत लावली तर निम्मा वॉर्ड सेप्सिसचा (रक्तातल्या जंतुसंसर्गाचा) ठरेल! आता 24व्या तासाला सीआरपी पाठवा, मग आणखी 24 तासांनी. दोन्ही 10 च्या खाली, कल्चर 36 ते 48 तास निर्जंतुक आणि बाळ ठणठणीत, तर अँटिबायोटिक बंद करा.

उत्तर २: सीआरपीचं एकक तपासा. काही लॅब मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये रिपोर्ट देतात, तिथे 1 म्हणजे आपले 10. रात्रीच्या ड्युटीत ही गल्लत हमखास होते. कल्चरला रक्त किती घेतलं होतं? पहिल्या डोसआधी किमान 1 मिली हवं. जंतू विरळ असतील तर कमी रक्तात ते सापडत नाहीत आणि मग ‘निर्जंतुक’ रिपोर्टवर भिस्त ठेवता येत नाही. आपली नेहमीची सेप्सिस स्क्रीन (रक्तचाचण्यांचा संच), म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी 5000 पेक्षा कमी, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी, आयटी रेशो (एकूण न्यूट्रोफिलमधलं अपक्व पेशींचं प्रमाण) 0.2 च्या वर, मायक्रो-ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) आणि सीआरपी, यांतले दोन बिघडले तरच पॉझिटिव्ह धरतात. आयटी रेशो स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) वाचणाऱ्याच्या नजरेवर फार अवलंबून असतो.

प्रश्नकर्ता: 1 मिली, डोसच्या आधीच घेतलं होतं. 24 तासांचं सीआरपी 14 आलं तर?

उत्तर १: एवढ्यावर कोर्स लांबवू नका. प्रसूतीत गुदमरणं, मेकोनियम (बाळाची पहिली शी) फुफ्फुसात जाणं यांनीही ते चढतं. पुन्हा पाठवा, उतरतंय का ते पाहा.

उत्तर ३: एक भर. अॅप्निया (श्वास मध्येच थांबणं), दूध न पिणं, कॅपिलरी रिफिल (त्वचा दाबून सोडल्यावर रंग परत यायचा वेळ) 3 सेकंदांपेक्षा जास्त, यांतलं काही दिसलं तर स्क्रीन निगेटिव्ह असली तरी कल्चर घेऊन लगेच अँटिबायोटिक द्या. सीआरपी-पीसीटीसारखे मार्कर अँटिबायोटिक थांबवायच्या निर्णयाला उपयोगी, आजारी बाळाचा उपचार रोखायला नव्हे.