भीक, कायदा आणि सारसबागेसमोरच्या आजी

'भीक देणं म्हणजे आळसाला खतपाणी' हे सरसकट मला पटत नाही.

पुण्यात सारसबागेच्या बाहेर एक आजी बसायच्या. संकष्टीला मी नाणं टाकून पुढे जायचे. एकदा त्यांनीच हाक मारली, "ताई, पैसे नको, गुडघ्याला लावायला मलम आणून दे." मेडिकलमधून आणून दिलं आणि दहा मिनिटं शेजारी बसले. मुलगा सांभाळत नव्हता, डोळ्यांत मोतीबिंदू. या बाईने कुठलं काम करायचं होतं?

आपल्याकडे १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यात गाऊन, नाचून, भविष्य सांगून मागणंही भीकच. म्हणजे पेठांत सकाळी टाळ-चिपळ्या वाजवत येणारा वासुदेवही त्यात बसू शकतो! पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती यातली बरीच कलमं रद्द केली. गरिबीला गुन्हा ठरवणं मला क्रूर वाटतं.

लहान मुलांना मात्र मी पैसे देत नाही, अगदी ठाम. संचेती चौकाच्या सिग्नलला कडेवर पेंगणारं बाळ घेतलेली सात-आठ वर्षांची पोर काचेवर टकटक करते, तेव्हा पोटात कालवतं. पण तिची कमाई जितकी जास्त, तितकी तिची शाळा लांब. अशा वेळी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करते, चौक आणि वेळ नीट सांगते. बिस्किटाचा पुडा देते, तोही फोडून, म्हणजे तो परत दुकानात जात नाही.