विद्यापीठ ग्रंथालयात दिवाळी अंकांचं प्रदर्शन : मूळ अंक मांडावेत का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

संदर्भविभाग : ग्रंथालय समितीपुढे प्रस्ताव ठेवायचा आहे. 'मनोरंजन' मासिकानं १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तिथपासून १९७०पर्यंतचं जे आपल्या संग्रहात आहे, त्यातले २४ अंक चार काचपेट्यांत तीन महिने ठेवायचे. माझं मत : मूळ अंकच हवेत. छापील किंमत, तेलसाबणाच्या जाहिराती, कागदाचा पोत, आतल्या पानावरचा ग्रंथालयाचा दाखल क्रमांक, हे छायाप्रतीत हरवतं.

पुठ्ठाबांधणी : माझा विरोध आहे. उजेड किती ते न सांगता 'तीन महिने' लिहिण्यात अर्थ नाही. जुन्या कागदाला ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ही मर्यादा मानतात. वाचनकक्षात ३०० सहज असतो. रोज आठ तास धरा. ५० लक्सवर ९० दिवसांत ३६,००० लक्स-तास (लक्स गुणिले तास) होतात, ३०० लक्सवर तेवढेच १५ दिवसांत. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. गेलेला रंग परत येत नाही. चांगल्या प्रती काढा, मूळ अंक कपाटात राहू द्या.

रंगरेषा : प्रती काढणं वाटतं तितकं सोपं नाही. मुखपृष्ठांचे चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. चित्रकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे त्यांच्या चित्रांवर २०३१अखेरपर्यंत. चित्र करून घेतलं असेल तर हक्क प्रकाशकाकडेही असू शकतो. मुखपृष्ठ मोठं करून छापायचं तर आधी हक्क कुणाकडे ते शोधा, लेखी परवानगी घ्या आणि ते पत्र प्रस्तावाला जोडा. शिवाय जुनी छपाई ठिपक्यांची. साधं स्कॅन मोठं केलं की चित्रावर जाळी उमटते. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन करून ठिपके काढावे लागतात.

संदर्भविभाग : उजेडाचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी मूळ अंक बाद करायची गरज नाही. बारा-बारा अंकांचे दोन संच करू, प्रत्येक संच सहा आठवडे. पेट्या खिडकीपासून दूर. पेटीतल्या ट्यूब काढून टाकायच्या. त्या तापतात, रात्री बंद झाल्या की आतल्या हवेचा दमटपणा बदलतो आणि कागद फुगतो-आक्रसतो. लक्समापक भौतिकशास्त्र विभागाकडून मागवू.

पुठ्ठाबांधणी : हे प्रस्तावात लिहा, तर माझा विरोध निम्मा कमी होईल. उरलेला निम्मा पेटीबद्दल. सुताराकडून नवी प्लायवुडची पेटी आणून त्याच आठवड्यात अंक ठेवू नका. लाकूड, डिंक आणि ताजा रंग यांच्या आम्लयुक्त वाफा बंद काचेत कोंडतात. तीन-चार आठवडे उघडी ठेवा, तळाला आम्लमुक्त पुठ्ठा घाला. जाडजूड अंक सपाट उघडला की पाठ फुटते. ९० अंशांपुढे न्यायचा नाही, दोन्ही बाजूंना आधार द्यायचा, पानं पारदर्शक पॉलिस्टर पट्टीनं सैल धरायची. सेलोटेप अजिबात नको. पिना गंजलेल्या असतील तो अंक यादीतून काढा.

वाचनकट्टा : तुम्ही दोघंही वाचकाला विसरताय! काचेआडच्या अंकाची दोनच पानं दिसतात. कथा वाचायची असेल तर? ज्यांचे हक्क संपलेत अशा चार-पाच अंकांच्या बांधलेल्या प्रती शेजारच्या टेबलावर ठेवा, चाळता येतील अशा. अंकांशेजारच्या टिपा साठ शब्दांच्या आत, २४ पॉइंटच्या खाली अक्षर नको.

संदर्भविभाग : टेबल घेतो. पण पेटीतले २४ मूळच राहतील. प्रत्येक अंकापुढे दाखल क्रमांक, कुठलं पान उघडायचं, कागदाची अवस्था आणि पेटी क्रमांक, असा तक्ता करतोय. पुठ्ठाबांधणी, अवस्थेचा रकाना तुम्ही भराल का? तुम्ही 'नको' लिहिलेला अंक मी मांडणार नाही.