मदत हवी आहे: लॉक-इनमध्येच घर सोडावं लागतंय, डिपॉझिटचं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो, करार रजिस्टर्ड आहे. लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडायचं नाही असं करारात ठरलंय तो) ६ महिन्यांचा, त्यातले २ बाकी. ह्यांची नाशिकला बदली झालीय. घरमालक काका दोन्ही महिन्यांचं भाडं, वर रंगकामाचा खर्चही डिपॉझिटमधून कापणार म्हणतात. रंगकामाचा करारात उल्लेखच नाही! नवा भाडेकरू आणून देते म्हटलं, तर तेही नको.

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते ना? मग पुढच्याच महिन्यात घर दुसऱ्याला दिलं, तरी आमच्याकडून पूर्ण भाडं घेता येईल का? काकांशी संबंध चांगले आहेत, भांडायचं नाहीये. पण डिपॉझिट आमच्यासाठी मोठी रक्कम आहे. कुणी अशी तडजोड केलीय का? चावी देताना काय काय लिहून घ्यावं?